ट्रेलरमध्ये राहायला येताय? पडदे नंतर घ्या, आधी विजेचं बघा

दर उन्हाळ्यात ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो, "आम्हीपण घर सोडून ट्रेलर घेतोय, काय काय सामान लागेल?" स्वतःची यादी तयारच असते: पडदे, चिकटवायचे हुक, घडीचं टेबल, बाहेर टांगायला दिव्यांची माळ. ते सगळं सावकाश होतं. आम्ही चौघं सहा वर्षं 30 फुटी ट्रेलरमध्ये, म्हणजे ट्रकमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, राहतोय, कारण नवऱ्याच्या कामाचं गाव चार-पाच महिन्यांनी बदलतं. मुक्काम बहुतेक टेक्सास नाहीतर ओक्लाहोमात. पहिले पैसे कशावर घालायचे हे मी ज्याला-त्याला सांगते आणि तीच वस्तू लोक "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून ठेवतात.

ती वस्तू म्हणजे ईएमएस (इलेक्ट्रिकल मॅनेजमेंट सिस्टिम). ट्रेलर उभे करायच्या पार्कातला विजेचा खांब आणि ट्रेलरची केबल यांच्यामध्ये लावायची, व्होल्टेज चुकलं की वीज तोडणारी पेटी.

पहिल्याच वर्षी आम्ही एका नातेवाइकांच्या अंगणात महिनाभर राहणार होतो. त्यांनी प्रेमाने इलेक्ट्रिशियन बोलावून 30 अँपिअरचं सॉकेट बसवून घेतलं. त्या माणसाला वाटलं, 30 अँपिअर म्हणजे कपडे वाळवायच्या ड्रायरचं. ड्रायरला 240 व्होल्ट लागतात, ट्रेलरच्या 30 अँपिअरच्या प्लगला 120. आम्ही प्लग लावला आणि मायक्रोवेव्हमधून फट् आवाज आला, मागोमाग जळका वास. मायक्रोवेव्ह, टीव्ही, बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर, फ्रिजचा सर्किट बोर्ड, सगळं गेलं. तीन हजार डॉलरच्या वर खर्च आला आणि मुलं आठवडाभर बर्फाच्या पेटीतलं दूध प्यायली. त्यानंतर ओळखीतल्या दोन मराठी कुटुंबांचं अगदी असंच झालं. आपण 230 व्होल्टवर वाढलेली माणसं, इलेक्ट्रिशियन "240 आहे" म्हणाला तरी आपल्याला काही खटकत नाही. इथे खटकायला हवं.

म्हणून रीत अशी ठेवा. खांबावरचा ब्रेकर आधी बंद करा. मग फक्त ईएमएस लावा, ब्रेकर चालू करा आणि पेटीवरचा आकडा बघत दोन-तीन मिनिटं थांबा. आकडा 120 च्या आसपास असला की ब्रेकर पुन्हा बंद, मग ट्रेलरची केबल, मग ब्रेकर चालू. पाऊस असो, मुलं रडत असोत, रात्रीचे अकरा वाजलेले असोत, हे टाळायचं नाही. दुकानात स्वस्तातला साधा सर्ज प्रोटेक्टर याच कामाचा म्हणून दाखवतात. तो विजेचा अचानक आलेला झटका अडवतो, पण व्होल्टेज घसरलं तर बहुतेकदा गप्प बसतो. ऑगस्टच्या दुपारी पार्कातले सगळे एसी एकदम चालू असतात, तेव्हा व्होल्टेज खाली येतं आणि आपल्या एसीचा कॉम्प्रेसर हळूहळू मरतो. ईएमएस अशा वेळी वीज तोडते. काही पार्कांतून खांबावरची पेटी चोरीला जाते, तेव्हा कुलूपही घ्या.

30 अँपिअर म्हणजे एकूण 3600 वॅट. एसी चालू असताना इंडक्शन शेगडी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावलं की ब्रेकर पडलाच. भारतातून आणलेला 230 व्होल्टचा मिक्सर इथे नीट चालत नाही. 110 व्होल्टचा इथेच मिळतो.

पाण्यासाठी पिण्याच्या पाण्याची म्हणून विकतात ती पांढरी किंवा निळी नळी घ्या, बागेची हिरवी नको. नळाला प्रेशर रेग्युलेटर लावल्याशिवाय नळी जोडू नका.

संडासाच्या टाकीबद्दल विचारायला आपल्या लोकांना संकोच वाटतो, त्यामुळे कुणी विचारत नाही आणि सगळे एकच चूक करतात: पाइप जोडून व्हॉल्व्ह उघडा ठेवतात. पाणी वाहून जातं, घाण तळाशी थर धरून बसते. काळ्या टाकीचा, म्हणजे संडासाच्या टाकीचा, व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा, टाकी भरत आली की उघडायचा आणि त्यामागून अंघोळ-भांड्यांच्या पाण्याची करडी टाकी सोडून पाइप धुऊन काढायचा. आपण पाणी वापरतो हे टाकीला चांगलंच आहे, फक्त ती लवकर भरते. रबरी हातमोजे हवेतच. तळणीचं तेल कुठल्याही टाकीत ओतू नका.

वजनाचं आमच्या लोकांना सांगून थकले. दाराजवळ पिवळी चिठ्ठी असते, तिच्यावर किती पाउंड सामान चालेल ते लिहिलेलं असतं. वेट ग्राइंडर, तांदळाची पोती, सगळ्या सणांची पितळी भांडी भरण्याआधी ती वाचा. 40 गॅलन पाणी भरलं की तेच सव्वातीनशे पाउंडांच्या वर जातं. पूर्ण भरलेला ट्रेलर एकदा ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर तोला. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रक आणि ट्रेलरच्या जोडावर, यायला हवा. कमी आला तर मागचा ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. शेजारचे निवृत्त अमेरिकन आजोबा हे हिचचं गणित आनंदाने समजावून देतात, ट्रेलर मागे घेताना स्वतः होऊन हाताने दिशा दाखवतात. त्यांना विचारा. आपली माणसं अभिमानापायी विचारत नाहीत आणि खांबाला बंपर घासतात.

स्वयंपाकाची वाफ हे थंडीतलं मोठं दुखणं. गॅस जळतानाही पाण्याची वाफ होते, त्यात कुकरच्या शिट्ट्या. खिडक्यांना पाणी सुटतं, गाद्यांखाली बुरशी धरते. छतातला पंखा आणि एक खिडकी उघडून फोडणी द्या आणि डिह्युमिडिफायर घ्याच. धुराचा अलार्म ओरडतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. तसं कधीही करू नका, दोन मुलं आत झोपतात. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या यंत्रांवर मुदत छापलेली असते, जुना ट्रेलर घेतलात तर पहिल्याच दिवशी ती बघा.

एच-1बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असाल तर आधी वकिलाशी बोला. व्हिसा कामाच्या ठिकाणाला बांधलेला असतो, लॅपटॉप घेऊन कुठूनही काम केलं असं चालत नाही. शिवाय पत्ता बदलल्यावर 10 दिवसांत तो कळवायचा एआर-11 फॉर्म भरावा लागतो, ग्रीन कार्ड असलं तरीही.

वाऱ्याचं शेवटी सांगते, कारण ते वाचून तुम्ही उठून काहीतरी करावं. टॉर्नेडोच्या वेळी ट्रेलर हा आसरा नाही. बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ घ्या. इशारे काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, नाव घेऊन देतात, म्हणून नव्या पार्कात पोचल्यावर काउंटीचं नाव कागदावर लिहून फ्रिजला लावा. वादळात जायची पक्की इमारत कुठली ते ऑफिसात विचारून मुलांना त्याच संध्याकाळी चालत नेऊन दाखवा. परत आलात की लाल दांड्याची आणीबाणीची खिडकी त्यांना स्वतःच्या हाताने उघडायला लावा. आमच्या धाकट्याला ती दोन वेळा जमली नव्हती. तिसऱ्यांदा उघडली.