घरातला उल्कासंग्रह: मालक आहेत तोवरच हे करून ठेवा

घरात वडील, काका, कोणीही उल्का जमवत असतील तर ते धडधाकट असतानाच त्यांच्या शेजारी बसा आणि एकेका दगडाचं लिहून घ्या. नाव काय, कुठे पडली, कोणाकडून घेतली, वजन किती ग्रॅम. चिठ्ठी गेली की तो नुसता काळा दगड, मग कोणी विचारत नाही. चिठ्ठी दगडाच्याच डबीत ठेवायची, वेगळी फाइल करू नका, फाइल मडगावला राहते आणि दगड फोंड्याला! जुन्या पावत्या पण जपा, अर्जेंटिनातून आता तिथली काम्पो देल सिएलो ही लोखंडी उल्का बाहेर न्यायला बंदी आहे, म्हणजे ती कधी आणि कशी आली हे उद्या कोणी विचारू शकतं.

मग पावसाळा. आपल्याकडची दमट खारी हवा लोखंडी उल्केला सोडत नाही, शोकेसमध्ये उघडी ठेवली तर चतुर्थीपर्यंत कडेला तपकिरी थेंब दिसायला लागतील आणि खाली गंजाची पूड. पाण्याने धुवायची नाही, उघड्या हाताने घ्यायची नाही. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, दाण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवून परत तेच. आणि पाहुणे आले की लोहचुंबक लावून दाखवायची हौस असते ना सगळ्यांना, ती नको, जोरदार चुंबकाने दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते.

डिचोली, सांगेकडचे खाणीतले दगड अशा संग्रहात हमखास घुसलेले असतात. शंका आली तर टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासा, लालसर तपकिरी रेघ उठली तर ते बहुधा हिमॅटाइट, म्हणजे साधं लोहखनिज, बाजूला काढा.

आता वाटणी. गोव्यात वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता नवरा-बायकोची अर्धी-अर्धी, आणि मुलं असली तर आपल्या वाट्यातलंही अर्धंच मृत्युपत्राने हवं त्याला देता येतं. त्यामुळे 'सगळं म्युझियमला' असं लिहून भागत नाही, बायको-मुलांना आधी विचारा आणि वकिलाला भेटा. नाहीतर पुढे इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांच्या वाटणीसाठी कोर्टात होणाऱ्या मालमत्तेच्या यादीत, 'दगड, एक खोकं' एवढीच नोंद होईल, हे मी गमतीने म्हणत नाहीये.

संग्रह एकत्र राहावा असं वाटत असेल तर आधी संस्था शोधा. अमेरिकेतल्या हार्वी निनिंजर या उल्का-संग्राहकाने हयातीतच 1958 मध्ये आपल्या संग्रहाचा एक भाग ब्रिटिश म्युझियमला आणि 1960 मध्ये उरलेला अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीला विकला, त्यावरच तिथलं उल्का अभ्यास केंद्र उभं राहिलं. देताना दगडांना नंबर देणार का, अभ्यासकांना बघायला मिळणार का, पुढे विकणार तर नाही ना, हे लेखी घ्या.

संग्रहात भारतात पडलेला तुकडा निघाला, समजा 2012 चा काटोलचा, तर तो विकायच्या भानगडीत पडू नका, आधी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.