ट्रोलिंग मोटर आवाज करते? आधी कान लावा, मग पाना घ्या

संध्याकाळी वॉलाय मासा काठाजवळच्या उथळ पाण्यात चरायला येतो आणि नेमकी तेव्हाच होडीखाली ट्रोलिंग मोटरची, म्हणजे मासेमारीची होडी हळू चालवणाऱ्या छोट्या विजेच्या मोटरची, खरखर सुरू होते. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो, त्यामुळे ही खरखर माशाला क्षणात कळते. म्हणून मी या आवाजाचा पिच्छा सोडत नाही. इथे मिनेसोटात ओळखीतलं कुणी ना कुणी उन्हाळा लागला की फोन करतंच, "ताई, मोटर गेली वाटतं." बहुतेक वेळा मोटर धडधाकट असते. आवाज येतो पंख्यातून, नाहीतर ती जिथे बसवलीय तिथून. तेव्हा आवाज कुठला हे कळल्याशिवाय मोटर खोलू नका.

पाण्यात असताना, मोटर सुरू ठेवून दांडा वरच्या बाजूला हाताने घट्ट धरा. आवाज लगेच कमी झाला तर दोष क्लॅम्पचा किंवा ब्रॅकेटचा. अॅल्युमिनियमची होडी ढोलासारखी घुमते, एक ढिला बोल्ट सगळी होडी वाजवतो. बोल्ट आवळा, ब्रॅकेटखाली रबराची जाड पट्टी घाला. फिश फाइंडरची (मासे दाखवणाऱ्या यंत्राची) वायर दांड्याला नीट बांधलीय ना तेही बघा. सुटलेली वायर पाण्याच्या ओढीने दांड्यावर आपटत राहते आणि थेट बेअरिंग गेल्यासारखी टकटक करते.

वेग वाढवल्यावरच खळखळ येत असेल तर पंखा वरून हवा ओढतोय. त्याचं वरचं टोक पाण्याखाली किमान फूटभर हवं. दांडा खाली सरकवा, काम झालं. आणि कमी वेगाला बारीक शिट्टीसारखी गुणगुण येते, ती वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटची. ती दुरुस्त करायची नसते.

आता पंखा. खरी गोम इथे असते, म्हणून सावकाश करा. सगळ्यात आधी बॅटरीच्या वायरी काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, चुकून धक्का लागून पंखा फिरला तर बोटं जातील.

नट सोडवा, वायसर बाजूला ठेवा. पंखा फिरवून आतली पिन आडवी आणा आणि तो सरळ बाहेर ओढा. अडकला तर रबरी हातोडीने मागून हलकेच ठोका. तो निघाला की तो ज्या बारीक दांड्यावर बसतो त्याच्या मुळाशी बघा. तिथे तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, सापडतो. कधी हिरवट, कधी पांढरा, इतका घट्ट दाबलेला की प्लॅस्टिकची चकतीच वाटावी. नखाने खरवडल्यावर एकेक पदर सुटतो. गळाला वेणीसारखी विणलेली दोरी वापरत असाल तर आणखी जपा, ती बारीक आणि चिवट असल्यामुळे सीलच्या (पाणी आत जाऊ न देणाऱ्या रबरी कड्याच्या) ओठात शिरते आणि सील कापते. मग आत पाणी जातं आणि शंभर रुपयांच्या कामाचं हजारांचं होतं. तंगूस ओढून काढू नका, लहान कात्रीने कापून, उलट दिशेने उलगडत काढा. सुरीचं टोक सीलजवळ नेऊ नका.

इथल्या मिनेटोंका तलावात 1987 मध्ये युरेशियन मिलफॉइल हे पाणगवत पहिल्यांदा सापडलं, तेव्हापासून तिथे पंख्यात गवत गुरफटणं नेहमीचंच. तसंही धक्क्यावरून निघताना होडीवरचं पाणगवत काढणं इथे कायद्याने बंधनकारक आहे, त्याच वेळी पंख्यामागे एक नजर टाकायची सवय लावा.

पिन वाकलेली असेल तर नवी घाला, कंपनीचीच. तिच्या जागी खिळा ठोकू नका. दगडाला धडकल्यावर पिनने तुटून मोटर वाचवायची असते, खिळा ते काम करत नाही. पंख्याच्या पात्यांच्या कडेला खरचटून ओरखडे उठले असतील तर बारीक कानशीने गुळगुळीत करा. पातं तुटलं असेल तर पंखाच बदला, नाहीतर थरथर जाणार नाही. परत बसवताना नट हाताने पुरता आवळा आणि वर फक्त पाव फेरा द्या. जास्त आवळलात तर पंखा दबतो.

एवढं करूनही आवाज राहिला तर पंखा काढून ठेवा, वायरी जोडा आणि मोटर हवेत अगदी कमी वेगाला काही सेकंदच चालवा. ती पाण्यानेच थंड होते, कोरडी फार वेळ चालवायची नाही. आवाज गेला तर दोष पंख्यात. आवाज तसाच असेल तर तो आतला.

एक गैरसमज इथेच दूर करते. होडीच्या मागे लावतात त्या आउटबोर्ड इंजिनासारखं यात गिअर ऑइल घालायचं नसतं. या मोटरींचा जन्म इकडचाच: 1934 मध्ये शेजारच्या नॉर्थ डकोटातल्या फार्गोला ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड मॉडेल ए गाडीच्या स्टार्टर मोटरला दांडा आणि पंखा जोडला. आजही साध्या मोटरीत कार्बनचे ब्रश, आर्मेचर (तारा गुंडाळलेला फिरता भाग) आणि चुंबक एवढंच असतं, पंखा थेट आर्मेचरच्या दांड्यावर, मधे गिअर नाहीतच.

वॉरंटी असेल तर इथेच थांबा आणि सर्व्हिस सेंटरला द्या. नसेल तर वायरी पुन्हा काढा, मोटरचं टोपण आणि तिची बाहेरची नळी या दोन्हींवर मार्करने एक सरळ रेघ ओढा म्हणजे परत बसवताना जुळेल, आणि मगच दोन लांब बोल्ट सोडा. चुंबक आर्मेचरला जोराने खेचतात, तेव्हा बोटं जपा. ब्रशच्या स्प्रिंगा उडतात, म्हणून खाली पांढरं कापड अंथरा. गंजकट पाणी निघालं तर सील गेलंय. बेअरिंग बोटावर फिरवून बघा, खरबरीत लागलं तर बदला. ब्रश झिजून आखूड झाले असतील तर जोडीनेच बदला. नवं सील जुनं होतं त्याच तोंडाने बसवा, ओठावर ग्रीसचा पातळ थर द्या, टोपणाची रबरी रिंगही नवी घाला. चुंबकाला तडा असेल किंवा आर्मेचरवर खोल चरे पडले असतील तर पैसे घालू नका, खालचा भाग नवाच घ्या.

सगळं जोडून झालं की मोठ्या पिंपात पाणी भरून मोटर बुडवा आणि कमी वेगाला दहा मिनिटं चालवा. टोपणाच्या सांध्यातून बुडबुडे येताना दिसले तर रिंग नीट बसलेली नाही. तशीच तलावात नेऊ नका, परत खोला.