मॅटप्लॉटलिबमध्ये शेजारी-शेजारी आलेख काढताना या चुका टाळा

२७ जुलै २००५ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७३. आता दोन्ही केंद्रं शेजारच्या दोन चौकटींत काढून बघा. स्तंभ सारख्याच उंचीचे दिसतील! मॅटप्लॉटलिब म्हणजे पायथनमधली आलेख काढायची लायब्ररी; तिची सबप्लॉट्स ही आज्ञा मुळात प्रत्येक चौकटीचा उभा अक्ष तिच्या स्वतःच्या आकड्यांवरून ठरवते, आणि बघणाऱ्याचं लक्ष अक्षावरच्या आकड्यांआधी उंचीकडे जातं. डहाणू, हर्णे, रत्नागिरी, वेंगुर्ला यांचा पाऊस मांडताना मला याच चुकीची सर्वात धास्ती वाटते, कारण इथे प्रोग्राम कुठेच अडत नाही. सबप्लॉट्सला शेअरवाय = ट्रू द्या, म्हणजे सगळ्या चौकटींना उभ्या अक्षाचं एकच माप मिळतं. वरच्या चौकटीत पाऊस आणि खालच्या चौकटीत भरतीची उंची असेल, तर मात्र उभा अक्ष वेगळाच हवा. तिथे वेळ समान, म्हणून आडव्या अक्षासाठीचं शेअरएक्स.

रंगीत नकाशांचंही तेच. जून आणि जुलैच्या नकाशांना व्हीमिन-व्हीमॅक्स (रंगांच्या मापाची खालची-वरची मर्यादा) एकच द्या, नाहीतर एकच निळा दोन वेगळे आकडे सांगतो. कोणता रंग म्हणजे किती हे दाखवणारी पट्टी, म्हणजे कलरबारही एकच ठेवा, आणि त्याला सगळ्या चौकटी एकत्र द्या. एकीलाच जोडलात तर तेवढीच चौकट आक्रसते.

‘टू मेनी इंडायसेस’ असा एरर आला? एका ओळीत चार चौकटी मागितल्या की एकपदरी यादी मिळते, आणि आपण तिला ओळ-स्तंभ असे दोन क्रमांक देतो. सबप्लॉट्सला स्क्वीझ = फॉल्स दिलं की चौकटी कितीही असोत, रचना दुपदरीच राहते.

शीर्षक शेवटच्या चौकटीवर जाऊन बसलं, तर पीएलटी-टायटल वापरलेलं असणार. संपूर्ण चित्रासाठी सपटायटल, एका चौकटीसाठी त्या चौकटीचं सेट-टायटल.

नावं एकमेकांवर चढत असतील तर सबप्लॉट्समध्ये लेआउट ‘कन्स्ट्रेन्ड’ ठेवा, म्हणजे जागा आपोआप जुळते. त्यानंतर टाइट-लेआउट बोलावू नका. त्याने आधीची मांडणी बंद पडते.

आणि मराठी नावं. मूळ फॉन्टात देवनागरी नाही, म्हणून अक्षरांऐवजी चौकोन येतात. देवनागरी फॉन्ट दिला तरी अनेक आवृत्त्यांत ‘रत्नागिरी’तला ‘त्न’ सुटा पडतो आणि ‘गि’ची वेलांटी ‘ग’च्या उजवीकडे जाते. वेबपानासाठी मी एसव्हीजी-फॉन्टटाइप या सेटिंगला ‘नन’ देऊन एसव्हीजी (ब्राउझरला वाचता येणारं रेषाचित्र) फाइल काढते. मग नावं मजकूर म्हणूनच राहतात आणि ब्राउझर ती नीट जोडून दाखवतो.