ऋतूंचे कारण समजून घेताना या चुका टाळा

उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते आणि हिवाळ्यात दूर, हे स्पष्टीकरण पहिल्याच तपासणीत कोसळते. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या आरंभी असते, म्हणजे आपल्याकडे थंडी असताना. जुलैच्या आरंभी ती सर्वांत दूर, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर जाते. पुस्तकातील कक्षेची आकृती तिरप्या बाजूने पाहिल्यासारखी, लांबट काढलेली असते, त्यामुळे हा गैरसमज बळावतो. प्रत्यक्षात कक्षा जवळजवळ वर्तुळाकार आहे.

पृथ्वीची आस, म्हणजे ती ज्या काल्पनिक रेषेभोवती स्वतःभोवती फिरते ती रेषा, वर्षभरात सूर्याकडे झुकते आणि पुन्हा मागे जाते, अशी कल्पना करणे ही दुसरी चूक. आस कक्षेच्या प्रतलाशी काढलेल्या लंबापासून साडेतेवीस अंश कललेली असून वर्षभर तिचे उत्तर टोक ध्रुवताऱ्याच्याच दिशेला असते. बदलते ते पृथ्वीचे कक्षेतील स्थान. म्हणून जूनमध्ये उत्तर गोलार्धावर किरण अधिक लंबरूप पडतात आणि दिवसही मोठा होतो.

सर्वांत चिवट गैरसमज मात्र २१ जूनविषयीचा आहे. त्या दिवशी मध्यान्हीचा सूर्य कर्कवृत्तावर डोक्यावर असतो, सर्वत्र नव्हे. १९ अंश उत्तरेवरील मुंबईत तो डोक्यावर वर्षातून दोनदा येतो, मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस. २१ जूनला तो तेथे किंचित उत्तरेकडे असतो आणि मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. आता मे आणि जुलै शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही वेळी किरण लंबरूप असूनही जुलैमध्ये मेसारखा उकाडा नसतो, कारण तोवर मोसमी ढगांनी ऊन अडवलेले आणि पावसाने जमीन भिजलेली असते. तापमान केवळ सूर्याच्या उंचीवरून ठरवू नये, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

सूर्य डोक्यावर आला की उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मुंबईत हे मोजून पाहण्यासाठी मेच्या मध्याचा निरभ्र दिवसच निवडावा. जुलैमध्ये ढग बहुधा संधी देत नाहीत. काठी ओळंब्याने सरळ उभी करावी. घड्याळात बारा वाजता मोजमाप केल्यास सावली उरते आणि प्रयोग फसल्यासारखा वाटतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची असल्यामुळे मेच्या मध्यास मुंबईची खरी मध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असण्याची वेळ, सुमारे १२ वाजून ३५ मिनिटांनी होते, तर पूर्वेकडील नागपुरात ती १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास येते.