चित्र रात्री उडते आणि मिस्त्री दिवसा येतो: घरच्या कॅमेऱ्यांच्या दुरुस्तीत या चुका टाळा

घरी लावलेल्या कॅमेऱ्याचे चित्र मधूनच लपलपते, क्षणभर काळे होते, पडद्यावर ‘व्हिडिओ लॉस’ असे दिसते आणि पुन्हा सगळे सुरळीत चालू लागते, अशी तक्रार आली की बहुतेक जण आधी कॅमेराच बदलून मोकळे होतात. असे काढून टाकलेले कॅमेरे मी टेबलावर लावून पाहतो, तेव्हा त्यांतले बरेचसे ठणठणीत निघतात. दोष रात्री येतो की दिवसा, उन्हात की पावसात, एकाच कॅमेऱ्यात की सगळ्यांत, हे घरच्या माणसांना न विचारता शिडी लावणे ही पहिली चूक होय. सगळी चित्रे एकदम उडत असतील तर एसएमपीएसकडे, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, जावे आणि एकच उडत असेल तर त्या कॅमेऱ्याच्या वायरीकडे. एवढा विचार केला तरी निम्मी धावपळ वाचते.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी आणि मला सर्वांत जास्त चीड आणणारी चूक म्हणजे व्होल्टेज एसएमपीएसजवळ मोजणे. तिथे १२ व्होल्ट दिसणारच. विहिरीपासून लांब नेलेल्या पाइपाच्या टोकाला जसा दाब उरत नाही, तसे बारीक वायरीच्या टोकाला व्होल्टेज उरत नाही. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ३६ ओहम असतो. कॅमेरा ७० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १४० मीटर तार होते आणि रोध ५ ओहमच्या घरात जातो. दिवसा कॅमेऱ्याने ०.२ अँपिअर घेतले तर १ व्होल्ट गळतो. अंधार पडून इन्फ्रारेड दिवे लागले आणि ओढ ०.५ अँपिअर झाली की अडीच व्होल्ट जातात. बाजारात स्वस्तात मिळणारी थ्री-प्लस-वन वायर (चित्राची एक आणि विजेच्या वगैरे तीन तारा एकत्र असलेली) आतून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची निघाली, तर ही गळती साधारण दीडपट धरावी.

परभणी जिल्ह्यातल्या एका गावात राहत्या घरापासून गोठा बराच दूर होता आणि गोठ्यावरचे दोन्ही कॅमेरे रोज दिवेलागणीनंतर चालू-बंद होत असत. आधीच्या मिस्त्रीने कॅमेरे बदलले होते, मग डीव्हीआर, म्हणजे चित्रे साठवणारे यंत्र, बदलला होता, आणि तरीही फरक पडेना तेव्हा घरमालकांचा संशय भावकीवर गेला होता, कारण बांधाचा वाद चालू होता आणि कोणीतरी रात्री वायरीला हात लावते असे त्यांना वाटू लागले होते. मी भरदुपारी गोठ्यावरच्या जोडाला मीटर लावला, तर साडेदहा व्होल्ट दिसले. मग घरमालकांना म्हटले, “काका, दोन्ही कॅमेऱ्यांची तोंडे तळहातांनी घट्ट झाकून धरा.” कॅमेऱ्यांना रात्र झाली असे वाटून लाल दिवे लागले आणि आकडा साडेआठवर घसरला, पाठोपाठ कॅमेरे बंद पडले, ओढ थांबताच आकडा उसळून बारापर्यंत गेला, कॅमेरे पुन्हा सुरू झाले, दिवे लागले आणि तोच खेळ नव्याने चालू झाला. वायर वाचवण्यासाठी एकाच बारीक जोडीवरून दोन्ही कॅमेऱ्यांना वीज दिलेली होती. काका मीटरकडे पाहत म्हणाले, “म्हणजे भावकीचा काही संबंध नाही म्हणता!”

अशा ठिकाणी गोठ्यावरच वेगळा ॲडाप्टर बसवावा असे अनेक जण सांगतात आणि ते चूकही नाही. मात्र लाइट गेल्यावर घरचा इन्व्हर्टर त्या ॲडाप्टरपर्यंत पोहोचतोच असे नाही, आणि चोरी नेमकी लाइट गेल्यावर होते. म्हणून मी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र जोडी घरापासून ओढली आणि जुनी वायर फक्त चित्रासाठी ठेवली. खर्च वाढतो, पण एसएमपीएसचा स्क्रू फिरवून व्होल्टेज चढवण्याची जी युक्ती हल्ली सर्रास चालते, तिच्यापायी जवळचे कॅमेरे अकारण तापतात, त्यापेक्षा हे बरे.

पुढची चूक जोडांची. चित्राच्या वायरीच्या टोकाला बसणारा बीएनसी जोड स्क्रूचा असेल तर तो हातानेच कसला जातो, घाईत बाहेरच्या जाळीची एखादी तार मधल्या तारेला टेकून राहते, आणि वारा सुटला की चित्र उडते. जोड बोटांनी हळूच हलवून पडद्यावर परिणाम होतो का, हे दुसऱ्या माणसाला पाहायला सांगावे. दोष तिथे असेल तर लगेच कळतो. मी स्वतः क्रिंप केलेलेच, म्हणजे पकडीने दाबून घट्ट बसवलेलेच बीएनसी वापरतो. जोडावर नुसती काळी टेप गुंडाळून तो छज्ज्याखाली लोंबकळत सोडण्याचा प्रकार तर बंदच व्हायला हवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, टेपचा चिकटा पातळ होऊन ती सुटते आणि मृगाच्या पहिल्या पावसात पाणी आत शिरते. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पितळी पिनेवर हिरवट कळंक चढलेला असतो आणि दोष कुठे आहे हे कोणालाच उमगत नाही. पीव्हीसीचा बंद डबा, आणि वायर डब्यात खालून वळसा घेऊन घ्यायची, एवढेच पुरते.

घरातल्या कॅमेऱ्यात ट्यूबलाइट किंवा एलईडी लागल्यावरच पट्टे लुकलुकत असतील, तर वायरीला हात लावू नये. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. कॅमेऱ्याची सेटिंग ६० हर्ट्झवर राहिली असेल तर ती ५० वर आणावी, आणि शटरचा वेग हाताने ठेवायचा असेल तर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावा.

चित्रावरून आडवे पट्टे सावकाश वर सरकत असतील, तर कॅमेऱ्याचा धातूचा भाग लोखंडी खांबाला किंवा पत्र्याला टेकून अर्थिंगचा घोळ झालेला असतो. मध्ये रबर किंवा लाकडाची फळी घालून पाहावे.

रात्री चित्र रंगीत आणि काळे-पांढरे असे आलटून-पालटून होत असेल, तर जवळच्या भिंतीवरून किंवा कोळ्याच्या जाळ्यावरून इन्फ्रारेड उजेड परत येतो आहे, हे समजावे. कॅमेरा थोडा वळवावा आणि काच पुसावी.

एसएमपीएसचा डबा उघडण्याआधी मेन स्विच बंद करावा, कारण त्यात २३० व्होल्ट असतात आणि हे अनुभवी म्हणवणारेही विसरतात.

शेवटची चूक मोबाइलवर पाहून निदान करण्याची. मोबाइलवर चित्र अडखळते आणि डीव्हीआरला थेट जोडलेल्या टीव्हीवर ते स्वच्छ दिसते, तेव्हा दोष इंटरनेटचा असतो, आणि कॅमेऱ्याच्या मिस्त्रीला बोलावण्याचे कारणच उरत नाही.