जुन्या ऑफिसात जमिनीखालून एसी: आधी गळती शोधा
बऱ्याच जुन्या ऑफिसांत छत मुळातच खाली असतं. त्यात डक्ट, म्हणजे हवा नेणारे मोठे पाइप, टाकले की खोली अंगावर येते. म्हणून मी रेज्ड फ्लोअरखालून, म्हणजे स्लॅबच्या वर पायांवर उभारलेल्या पॅनलच्या जमिनीखालून, हवा देण्याच्या बाजूचा. आधी स्लॅबपासून तुळईच्या तळापर्यंतची उंची मोजा. फ्लोअर 300 मिमी उचललं तर लिफ्टचा उंबरा, जिना आणि दारं यांचं काय करायचं, ते त्याच दिवशी ठरवा.

खरं काम गळतीचं. फ्लोअरखालची पोकळी हाच तुमचा डक्ट. माझ्या एका कामात केबलसाठी पाडलेली भोकं बुजवायची राहिली. थंड हवा जिन्यात जात राहिली आणि टोकाच्या टेबलांवरची माणसं घामाघूम. तेव्हापासून पॅनल बसण्याआधी मी स्वतः टॉर्च घेऊन गुडघ्यांवर फिरतो. भोकं, भिंतीच्या कडा, पाइपांभोवतीच्या फटी, सगळं सील करा. मग स्लॅब व्हॅक्यूम करून धूळ धरून ठेवणारा लेप द्या. ती धूळ पुढे माणसांच्याच नाकात जाणार, इथे काटकसर नकोच.

हवा 16 ते 18 अंशांवर सोडा. छतातून देतात तशी 13 अंशांची दिलीत तर पाय गारठतात. फ्लोअरमधल्या हवेच्या जाळ्या खुर्चीपासून दूर ठेवा, एसीकडे परत जाणारी हवा छताजवळून घ्या.