नव्याला जुन्यापासून दोन बोटं लांब ठेवा: वाडा दुरुस्त करणाऱ्यांसाठी कार्लो स्कार्पाची शिकवण

माझं आजोळ औसा तालुक्यातलं. मामाच्या वाड्याची दुरुस्ती माझ्याकडे आली तेव्हा हाताशी सिव्हिलचा डिप्लोमा होता, बारा वर्षांचं साइटवरचं काम होतं आणि मनाला लागलेली एक चूक होती. त्याआधी एका जुन्या घराच्या दगड-मातीच्या भिंतींना मी सिमेंटचा गिलावा करून दिला होता. दोन पावसाळ्यांत भिंत फुगली. गिलाव्याची सालं निघाली आणि मागची पांढरी माती हाताने उकरता येईल इतकी ओली निघाली. मातीची भिंत ओल घेते आणि वाऱ्यावर सोडून देते. मी तिचं सोडणं बंद करून टाकलं होतं. त्या घरातल्या माणसांनी मला कधी बोल लावला नाही, पण मला ते विसरता येत नाही.

त्यानंतर जुन्या इमारतींत नवं काम कोण नीट करतं हे शोधताना मला कार्लो स्कार्पा हा विसाव्या शतकातला इटालियन वास्तुरचनाकार सापडला. वाडा पाडायचा नसेल पण राहण्याजोगा करायचा असेल, तर त्या माणसाने काय केलं ते जाणून घ्या. मी जे करून पाहिलं ते पुढे सांगते.

स्कार्पाचा जन्म 2 जून 1906 चा, व्हेनिसचा. लहानपण व्हिचेन्झा गावात गेलं. 1919 मध्ये आई वारल्यावर घर परत व्हेनिसला आलं. 1926 मध्ये तिथल्या कला अकादमीतून त्याने वास्तुरेखाटनाची पदविका घेतली, पण वास्तुविशारदाच्या परवान्याची परीक्षा काही दिली नाही. 1932 ते 1947 अशी पंधरा वर्षं तो वेनिनी या व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या काच कारखान्यासाठी नमुने करत होता. मला त्याच्या आयुष्यातला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. वितळलेली काच कागदावरच्या रेघेचं ऐकत नाही, ती फुंकणाऱ्या कारागिराचं ऐकते. भट्टीपाशी उभं राहून शिकलेला माणूस पुढे गवंड्याशी, लोहाराशी कसा बोलला असेल याचा अंदाज त्यावरून येतो. लोहारकामासाठी झानोन आणि सुतारकामासाठी आन्फोदिल्लो ही घराणी त्याच्या कामावर वर्षानुवर्षं होती.

तेव्हा पहिलं काम म्हणजे माणसं जोडा आणि कागद-पेन्सिल घ्या. फोटो काढून भागत नाही. वेरोनाचं कास्तेलवेक्कियो संग्रहालय स्कार्पानेच नव्याने घडवलं, त्या संग्रहालयाने त्याची रेखाटनं इंटरनेटवर ठेवली आहेत, ती जरूर बघा. एकाच कागदावर जिन्याचा आराखडा, बाजूला बिजागरीचा तपशील, कोपऱ्यात उभा माणूस, वर रंगीत पेन्सिलीने केलेली दुरुस्ती. मी वाड्यात असंच सुरू केलं. ढेलज, ओसरी, माजघर, चौक, प्रत्येक खण, म्हणजे दोन खांबांमधली जागा, टेपने मोजला आणि भिंतीतल्या देवळ्या, कोनाडे, बळदाचं, म्हणजे धान्य साठवायच्या जागेचं, तोंड सगळं कागदावर आणलं. चार दिवस गेले. तिसऱ्या दिवशी माजघराची भिंत आतून आणि बाहेरून मोजल्यावर जाडीत वीतभर फरक निघाला. तो पोटफुगवटा होता. नुसत्या डोळ्यांना तो दिसला नव्हता.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. लातूर-धाराशिव भागात दगडी भिंत म्हटलं की माणसाला 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवते. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि चारच्या सुमारास किल्लारी भागात जमीन हलली. हजारो माणसं आपल्याच घराखाली गेली. त्यानंतर कितीतरी धड वाडे भीतीपोटी पाडले गेले, आणि त्या भीतीला मी चूक म्हणणार नाही. पण मारलं कशाने हे समजून घ्यायला हवं. आपल्या भिंती दोन पदरी असतात. आतला पदर, बाहेरचा पदर, मध्ये गोटे आणि माती. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड जिथे नव्हते तिथे पदर सुटे होऊन भिंती फुटल्या. वरून माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं आलं. माळवद गळलं की दरवर्षी मातीचा नवा थर टाकायचा, जुना मात्र तसाच ठेवायचा, ही आपली रीत. असं करत कित्येक घरांवर दीड-दोन फूट माती साचली होती.

म्हणून सौंदर्याचा विचार नंतर, आधी वजन उतरवा. मामाच्या माळवदावरची जुनी माती आम्ही पूर्ण खाली काढली, किलचनापर्यंत, म्हणजे मातीखालच्या लाकडी फळ्यांपर्यंत, गेलो, कुजलेल्या फळ्या बदलल्या. मग कडुलिंबाचा पाला आणि वर पांढऱ्या मातीचा बेताचाच थर, तोही पन्हळीकडे उतार धरून. पुढच्या वर्षी माती टाकायची तर तेवढीच आधी खरवडायची, हे मामाकडून वदवून घेतलं. भिंतीला साधारण मीटर-मीटरवर, वरखाली सोडून, आरपार भोकं घेतली आणि त्यांत दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरलं. दगड हाताने हळूच सैल करून भोक घ्यायचं, हातोडीचे घाव घालायचे नाहीत. माळवदाखाली सगळ्या भिंतींना धरणारी पट्टीही घेतली. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरला वाडा दाखवल्याशिवाय करू नका. स्कार्पाही परवानाधारक सहकाऱ्यांसोबतच काम करायचा. 1956 मध्ये त्याला वास्तुकलेचं ऑलिवेत्ती पारितोषिक मिळालं आणि त्याच सुमारास परवाना नसताना काम करतो म्हणून त्याच्यावर खटलाही झाला. त्यातून तो सुटला.

त्या काँक्रीटची गोल तोंडं भिंतीवर दिसतात. गवंडी काका म्हणाले, "ताई, वरून चुना मारून झाकून टाकू की." मी नको म्हटलं. इथून स्कार्पाचा खरा धडा सुरू होतो.

कास्तेलवेक्कियो संग्रहालय ज्यात आहे तो चौदाव्या शतकातला किल्ला. नेपोलियनच्या काळात फ्रेंचांनी आत बराक बांधली. 1920 च्या दशकात तिला जुन्या राजवाड्याचं सोंग दिलं गेलं. 1956 पासून स्कार्पाने ते काम हातात घेतलं तेव्हा त्याने सोंगात भर घातली नाही. उलट बराकीचा एक भाग पाडला, म्हणजे बराक वेगळी आणि किल्ल्याची जुनी भिंत वेगळी दिसू लागली. मधल्या मोकळ्या जागेत त्याने कान्ग्रांदे देल्ला स्काला या वेरोनाच्या सत्ताधीशाचा चौदाव्या शतकातला घोड्यावरचा पुतळा उंच काँक्रीटच्या आधारावर ठेवला. खालून, वरून, पुलावरून जाताना, तो पुन्हा पुन्हा भेटतो.

तुमच्या वाड्यातला कान्ग्रांदे कोण, हे ठरवा. मामाच्या वाड्यात ती ढेलजेची चौकट होती. सागवानी, वर गणेशपट्टी, दोन्ही बाजूंना वेल. तिच्या अंगाला खेटून कधीतरी विटांची खताची खोली काढलेली. मामांना ती हवी होती आणि मला चौकट मोकळी हवी होती. आठवडाभर आमचं बोलणं चाललं. शेवटी खत परसात गेलं आणि खोली पडली. जुनं आहे म्हणून सगळंच राखायचं नसतं, आणि काय पाडायचं हे ठरवायला मालकाइतकाच वेळ तुम्हीही वाड्यात बसलेलं असावं लागतं.

मग फरशी. कास्तेलवेक्कियोच्या दालनांत नवी जमीन भिंतीला टेकतच नाही. कडेला थोडी जागा सोडून ती थांबते, त्यामुळे जुनी भिंत जमिनीतून वर आलेली दिसते आणि जमीन त्यात अंथरल्यासारखी. मी हे पहिल्यांदा रेखाटनात पाहिलं तेव्हा मला माझी फुगलेली भिंत आठवली. आपण शहाबादी फरशी सिमेंटमध्ये बसवून भिंतीपर्यंत ठासतो. जमिनीतली ओल फरशीखाली अडते आणि वाट शोधत भिंतीत चढते. फट सोडली तर तिला बाहेर पडायला तोंड मिळतं.

करायचं असं. भिंतीपासून दोन ते तीन इंच सोडून दोरी धरा. फरशीच्या कडेला अरुंद दगडी पट्टी उभी बसवा, म्हणजे कड सुटणार नाही. फटीत सिमेंट अजिबात जाऊ देऊ नका, त्यात धुतलेले बारीक गोटे भरा. बाकी फरशीखाली मुरूम आणि चुन्याचा कोबा चालतो.

आज्जी पहिल्या दिवशी ते बघून शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "पोरी, फरशी कमी पडली का? पैशाचं असंल तर सांग, माझ्याकडं हायत." मी तिला भिंतीला हात लावायला सांगितलं, मग फटीवर तळवा धरायला सांगितला. गारवा लागला. ती म्हणाली, "श्वास घेतीया व्हय."

गिलावा चुन्याचाच. खडे विझवून किमान तीन आठवडे पाण्याखाली ठेवा, जास्त ठेवलात तर आणखी चांगलं. मग एकास तीन चाळलेली वाळू. आमच्या काकांनी त्यात बेलफळाचं पाणी आणि थोडा गूळ घातला. काका करणीवर माल घेतात, करणी उलटी करतात आणि शांतपणे दहापर्यंत मोजतात. माल चिकटून राहिला तर तयार. पडला तर परत मळायचा. आमच्या कामावर पहिले दोन दिवस तो पडत राहिला आणि काकांनी एकही वीत गिलावा केला नाही. मजुरी चालू होती, मी गप्प राहिले. लावल्यावर तो ओल्या गोणपाटाखाली ठेवावा लागतो, भर उन्हाळ्यात हे काम काढू नका.

लाकडी खांब बहुतेक वेळा खालून कुजतो, तळखड्यापाशी, म्हणजे खांबाखालच्या दगडापाशी, कारण पाणी तिथे थांबतं. वरचा सागवान ठणठणीत असतो. अशा वेळी पूर्ण खांब बदलू नका. दोन्ही बाजूंनी टेकू द्या, जॅकने तुळईचा भार घ्या, तोही अगदी थोडा, तुळई करकरली की थांबा. कुजका भाग कापा, खाली लोखंडी बूट बसवा, बोल्टने आरपार आवळा आणि लाकूड दगडापासून अर्धा इंच उचललेलं राहू द्या. त्या लोखंडाला लाकडाचा रंग देऊ नका. कास्तेलवेक्कियोच्या शिल्पदालनांत छताखालून रिव्हेट मारलेली पोलादी तुळई उघडी जाते. ती आधार देते आणि आपण विसाव्या शतकातले आहोत हे लपवत नाही. आमच्या लोहाराने बुटाच्या कडा कानशीने इतक्या गुळगुळीत केल्या की मामांच्या नातवाने पहिल्यांदा हात फिरवला तो खांबावर नाही, बुटावर.

पाण्याबद्दल थोडं. व्हेनिसच्या क्वेरिनी स्टाम्पालिया वाड्याचा तळमजला भरतीच्या पाण्यात बुडायचा. 1961 ते 1963 मध्ये तिथे काम करताना स्कार्पाने पाणी दारातच अडवण्याचा हट्ट धरला नाही. जाळीच्या दरवाजातून त्याला आत येऊ दिलं, पायऱ्यांवर खेळू दिलं आणि कडेने उंच काठ बांधून त्याची हद्द आखली. आपल्याकडे रडगाणं उलटं, आठ महिने पाण्याची वाट बघायची. पण पाऊस येतो तेव्हा तासाभरात चौक तुंबतो. म्हणून चौक बुजवून वर पत्रे टाकू नका. पन्हळीखाली दगडी कुंडी ठेवा, तिथून चौकाच्या कडेने उघडी दगडी नाली काढा आणि मोरीतून ती परसातल्या आडाकडे न्या. नाली उघडीच ठेवा. झाकलेली नाली तुंबली की कळते तेव्हा पाणी पायव्यात गेलेलं असतं.

मापाचं भान हे मला ब्रिऑन कुटुंबाच्या स्मशानस्थळावरून आलं. सान व्हितो दाल्तिव्होले गावातलं हे काम स्कार्पाने 1969 च्या सुमारास घेतलं आणि मरेपर्यंत सोडलं नाही. काँक्रीटच्या पायऱ्यापायऱ्यांची नक्षी तिथे सगळीकडे आहे आणि तिच्या मुळाशी साडेपाच सेंटिमीटरचं एकच माप आहे. नवरा-बायकोच्या दोन कबरी एका कमानीखाली एकमेकींकडे झुकलेल्या आहेत. आपल्या वाड्याचं माप खण. नवं स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना, काहीही घालायचं तर ते खणात बसवा, खण तोडून नाही. मामांना न्हाणीघर दीड खणाचं हवं होतं, एका खणात बसवलं. आता तक्रार नाही.

स्कार्पा 28 नोव्हेंबर 1978 ला जपानमधल्या सेंदाई शहरात जिन्यावरून पडून गेला. त्याला त्याच ब्रिऑन स्मशानस्थळाच्या एका कोपऱ्यात पुरलं आहे.

दुरुस्ती झाल्यावर दरवर्षी मृगाच्या आधी दोन दिवस राखून ठेवा. पन्हळी मोकळ्या करा, माळवदावर उगवलेलं गवत उपटा, खांबाच्या बुटाचे बोल्ट आवळा, फटीतले गोटे काढून माती झाडा. आमच्याकडे हे शेवटचं काम आज्जीने स्वतःकडे घेतलं आहे. ती गोटे पाटीत घेऊन चौकात बसते, एकेक धुते, उन्हात वाळवते आणि संध्याकाळी परत भरते. दुसऱ्या कुणी भरलेले तिला चालत नाहीत.